चुलीत शिजलेलं डिफरन्शियल

माझ्या भावाच्या जीपची मागची दोन्ही चाकं कायम बरोबरीनं फिरायची. हे वाचून ज्याला काहीच वाटलं नाही त्यानं गाडी नुसती चालवलेली असणार, तिच्याखाली कधी झोपलेला नसणार. मीही झोपलेली नव्हते. मी सांगलीत ब्लाऊज शिवते. गाडीघोड्याशी माझा संबंध एसटीपुरता. पण त्या जीपच्या पोटात काय होतं ते मी आजही डोळे मिटून सांगू शकते, कारण माझ्या आईचा जीव तिथं अडकला होता आणि तो मी माझ्या हातानं उकरून काढला. काढला म्हणजे तेवढ्यापुरता काढला.

माझं माहेर शिराळ्याच्या पश्चिमेला, डोंगराच्या खांद्यावर. नावं मी कुणाचीच घालत नाही, वस्तीचंही नाही. थोडीशी घरं, सगळी एकमेकांच्या नात्यातली. खाली फाट्यापर्यंत डांबरी, तिथून वर तांबड्या मातीची वाट. वरून खाली येताना मध्येच एक ओढा लागतो आणि ओढा ओलांडला की एक चढ. उन्हाळ्यात तिथून बैलगाडी जाते. पावसाळ्यात शेळीसुद्धा विचार करून पाय टाकते. वडील गेल्यापासून घरात आई, माझा धाकटा भाऊ आणि त्याची बायको. भाऊ फौजेत ड्रायव्हर होता. पेन्शनीत आला तेव्हा वय काहीच नव्हतं, घरी बसून करायचं काय म्हणून त्यानं एक जुनी जीप आणली. पत्रा गंजलेला, आणि ताकद फक्त मागच्या चाकांना. वस्तीवरचं दूध खाली न्यायचं, खालून पेंड आणि सिमेंट वर आणायचं, एवढाच उद्योग.

पहिल्याच पावसाळ्यात जीप त्या चढावर रुतली आणि मग रुततच राहिली. एक चाक चिखलात गरागरा फिरायचं, दुसरं घट्ट मुरमावर असूनही ढिम्म. मी एकदा वैतागून म्हटलं, "ते दुसरं चाक काय सुट्टीवर हाय का रं?" तेव्हा त्यानं मला समजावलं. गाडी वळते तेव्हा बाहेरच्या चाकाला जास्त पल्ला पडतो, आतल्याला कमी. म्हणून दोघांच्या मध्ये डिफरन्शियल असतं, आणि त्यातली छोटी दातेरी चाकं दोन्ही बाजूंना आपापल्या चालीनं जाऊ देतात. रस्त्यावर हे बरोबर. चिखलात मात्र जे चाक मोकळं सुटतं तेच सगळी ताकद खाऊन टाकतं.

"फौजेच्या ट्रकाला लिवर असतीय, अक्का," तो म्हणाला. "वढली की दोनी चाकं एक. हिला न्हाई. हिला आपुनच काय तरी केलं पायजे."

आणि केलं की. आमच्या घरात एकदा डोक्यात घेतलं की मग कुणी आवरायचं? आधी त्यानं मोकाट फिरणाऱ्या चाकाला जाड नाडा गुंडाळून बघितला. नाडा तुटला. मग ब्रेक आणि ॲक्सिलेटर दोन्ही एकदम दाबून घसरणारं चाक जरा रोखायला शिकला; त्यानं थोडं भागलं, इंजिन मात्र चुलीसारखं तापायचं. मग त्याला ट्रॅक्टर आठवला. उसाच्या ट्रॅक्टरला मागच्या दोन चाकांचे ब्रेक वेगवेगळे असतात, जे घसरतंय तेवढंच दाबायचं, आणि आमच्याकडच्या पोरांचे पाय ट्रॅक्टरवरच तयार झालेले. त्यानं जीपच्या मागच्या ब्रेकच्या नळ्या कापल्या आणि सीटजवळ दोन कॉक बसवले. एक बंद केला की त्या चाकाला ब्रेक लागत नाही, दुसऱ्यालाच लागतो. चढावर झकास चाललं. उतरताना एक कॉक उघडायचा राहून गेला. फाट्याजवळ ब्रेक मारल्यावर जीप एका अंगाला ओढली गेली आणि दुसऱ्याच्या उसात जाऊन उभी राहिली. त्याला खरचटलंसुद्धा नाही, पण आई तिथून पुढं त्या जीपला 'सटवी' म्हणायला लागली. "सटवी आली का?" "सटवीला आज काय झालं?" असं.

शेवटचा उपाय वेल्डिंगचा. डिफरन्शियलमधली ती छोटी दातेरी चाकं एकमेकांना वेल्डिंगनं चिकटवून टाकायची. मग कायमचंच लॉक, लिवर नको नि काही नको. कराडच्या एका मिस्त्रीनं त्याला सरळ वाटेला लावलं. म्हणाला, "ह्यात आमी पडणार न्हाई गड्या. उद्या ॲक्सल मोडला की तू आमच्या नावानं बोंब मारणार." मग ह्यानं गोठ्यातच डिफरन्शियल उघडलं. मी तेव्हा दिवाळीला माहेरी होते, म्हणून सगळं डोळ्यांनी बघितलं. ती दातेरी चाकं डिझेलनं धुतली. गार लोखंडावर वेल्डिंग मारलं तर ते चिरतं म्हणून ती आईच्या चुलीत, निखाऱ्यात पुरली. लाल झाल्यावर सांडशीनं उचलून पळत गोठ्यात नेली. शेजारच्याचं वेल्डिंग मशीन आणलेलं, त्यावर भावानंच टाके मारले. आणि पुन्हा आणून गरम राखेत पुरली, सावकाश गार व्हायला.

आईनं त्या चुलीवर भाकरी थापायला साफ नकार दिला. "आईल प्यालीय ती चूल. माझं पोरगं लोखंड शिजवतंय, तेच खावा आता." नवी चूल घातली तेव्हा कुठं आमच्या पोटात अन्न गेलं.

पण लॉक चाललं. पुढच्या पावसात जीप तो चढ दुधाच्या कॅनांसकट चढून गेली. डांबरीवर वळण घेताना टायर बोंबलायचे, कारण दोन्ही चाकांना एकच चाल आणि रस्त्याला ती नको असायची. टायर झिजले. भाऊ म्हणायचा, "झिजू देत." एक गोष्ट मात्र त्यानं मला तेव्हाच सांगितली होती, की आता सगळी ताकद ज्या चाकाला घट्ट जमीन मिळेल त्याच्याच ॲक्सलवर येणार, आणि गाडी कुठं अडकून बसली असताना जोर लावला तर तो ॲक्सल कडकन मोडणार. अडकली तर आधी माती काढायची, मगच जोर लावायचा. त्यासाठी जीपमध्ये सीटच्या मागं कुदळ आणि खोरं कायम असायचं.

आता आईचं सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही आणि तुम्ही तिला अडाणी म्हणून मोकळे व्हाल.

आमच्या भागात नागपंचमीला माती उकरत नाहीत. नांगर, कुदळ, खोरं सगळं गप्प. विळीवर भाजी चिरत नाहीत, तव्यावर काही टाकत नाहीत. पुरणाची उकडलेली दिंडं खायची. आदल्या दिवशी बायकांचा भावासाठी उपवास. हे सगळीकडंच आहे आणि सगळीकडं लोक थोडं इकडंतिकडं करतातही. आमच्या आईपाशी इकडंतिकडं नव्हतं. लग्न होऊन ती नवीन आली त्या वर्षी ऐन पंचमीला गोठ्यात पाणी शिरलं. सासूनं तिला चर काढायला लावला. नवी सून, नाही कशी म्हणणार? तिनं खोरं घेतलं आणि गोठ्यामागं चर काढला. त्याच श्रावणात तिचा एकुलता भाऊ तापानं गेला. डॉक्टर काय म्हणाला होता ते आता कुणालाच आठवत नाही. आईला तो चर आठवायचा. तिनं ते आम्हाला कधी रडून सांगितलं नाही. साधं सांगायची, बाजारातून काय आणलं ते सांगावं तसं: "मी चर काढला नि माझा भाऊ गेला." मेलेल्या भावासाठी उपवास धरतात का, मला माहीत नाही. ती धरायची.

मी तिच्याशी भांडायचे. शाळेत असताना तर कडाकडा. "आई, तापाला औषध नव्हतं म्हणून मामा गेला. चराचा काय संबंध?" ती म्हणायची, "तुझा भाऊ जित्ता हाय न्हवं? मग तुला काय कळणार." त्याचाच मला जास्त राग यायचा.

त्या पंचमीला मी नेहमीप्रमाणे माहेरी आले होते. भावाची बायको तिच्या माहेरी गेलेली. घरात आम्ही तिघंच. आदल्या दिवशी आईनं आणि मी उपवास धरला होता. सकाळी दोघी वारुळाला गेलो. पाऊस भुरभुरत होता, फार नाही. आईनं लाह्या वाहिल्या, दूध ठेवलं, हात जोडले, आणि उठायला गेली ती परत खाली बसली. मला वाटलं पाय घसरला.

"दाढ दुखतीय गं," ती म्हणाली.

"उपाशी राहिल्यावर आणि काय होणार?" मी असं बोलले आणि मग तिच्या कपाळाकडं बघितलं. पावसाचं पाणी आणि घाम वेगळा ओळखू येतो. ती घामानं न्हाऊन निघाली होती. डावा हात उजव्या हातानं दाबून धरलेला. सांगलीत माझ्या शेजारच्या बाई अशाच गेल्या होत्या, दाढ दुखते म्हणत म्हणत, आणि त्यांच्या घरच्यांनी लवंग दिली होती. मी भावाला हाक मारली ती पार डोंगरापलीकडं गेली असेल.

शिराळ्यात पंचमीची गर्दी, तिकडून जायचं म्हणजे दुपार होणार. भाऊ म्हणाला कराड गाठू. आईला जीपमध्ये पुढं बसवलं, मी मागून तिला धरून. ती उलटी करून जरा हलकी झाली होती आणि तक्रार करत होती की घराला कुलूप नीट लावलं का, म्हशीला पाणी कोण दाखवणार. ओढ्यापर्यंत जीप चांगली आली. ओढ्यात पाणी गुडघ्याएवढं, तेही काढलं. आणि पलीकडच्या चढावर, अर्ध्यात, उजवं मागचं चाक पाण्यानं कापलेल्या घळीत गेलं आणि जीप मधल्या मातीच्या उंचवट्यावर पोटानं टेकली. डावं चाक एका खडकाला लागलेलं. जीप बसली ती बसलीच.

भाऊ खाली उतरला, वाकून बघितलं, आणि सीटमागून कुदळ काढली.

"ती ठेव," आई म्हणाली.

"आई, पोट टेकलंय गाडीचं. दोन टोपली माती काढली की निघती."

"आज न्हाई."

"आई, तुला दवाखान्यात न्यायचं हाय."

"मला कळतंय कुठं न्यायचं हाय ते. मला काय हुयाचं ते हुईल. तुला काय झालं तर मी कुणाच्या तोंडाकडं बघू?"

आवाज चढवला नव्हता तिनं. मी चढवला. मी म्हटलं, "आई, तुझं डोकं फिरलंय का? जीव चाललाय तुझा." तिनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. भावाचं मनगट धरलं, आणि म्हणाली, "माझी शपथ हाय तुला. मातीला लोखंड लावायचं न्हाई."

फौजेत ह्या माणसानं बर्फाच्या कड्यांवरनं ट्रक नेले आहेत. आईनं मनगट धरलं तर तो सहा वर्षांचा झाला. कुदळ खाली ठेवली. मोबाइल बघितला, तिथं रेंज नसतेच. वस्तीवर परत जाऊन माणसं आणावीत तर अर्धा तास गेला असता, आणि आली असती तीही आईकडं बघून हात बांधून उभी राहिली असती. मग तो स्टिअरिंगवर बसला आणि म्हणाला, "लॉक हाय की. काढतो मी."

पुढं, मागं, पुढं, मागं. जीप झुलायला लागली. आई प्रत्येक झोक्याला डोळे मिटून घ्यायची. मला कळत होतं तो काय करतोय आणि त्यालाही कळत होतं. ज्या चाकाला खडक मिळालाय त्याच्यावर सगळी ताकद चाललीय आणि गाडीचं पोट मातीत धरलेलं. मी थांब म्हणायला तोंड उघडलं तेवढ्यात खालून कडाक्कन आवाज आला, झाडाची फांदी मोडावी तसा. डावं चाक थांबलं.

"काय मोडलं?" आईनं विचारलं.

"काय न्हाई," भाऊ म्हणाला.

तो उतरून मागं आला, मी पण उतरले. जीपच्या मागं उभं राहून तो माझ्या कानाशी बोलला. डावा ॲक्सल गेला होता. साधी जीप असती तर तिथंच संपलं असतं, एक मोडला की दुसऱ्याकडंही ताकद जात नाही. पण आत सगळं वेल्डिंगनं एक झालेलं, म्हणून उजवं चाक अजून फिरत होतं. फक्त ते घळीत होतं आणि पोट टेकलेलं. पोटाखालची माती काढली आणि त्या चाकाखाली दगड दिले तर त्या एका चाकावर जीप निघेल.

"मग काढ की," मी म्हटलं.

त्यानं माझ्याकडं बघितलं. तेवढं हताश मी त्याला वडील गेले तेव्हाही बघितलं नव्हतं. "अक्का, शपथ घातलीय तिनं."

"तुला घातलीय. मला न्हाई."

मी कुदळ उचलली. त्यानं मला अडवलं नाही. पुढं गेला, मागची प्लॅस्टिकची ताडपत्री ओढून आईच्या डोक्यावरून घेतली, पाऊस लागतोय म्हणून, आणि स्वतः तिच्या शेजारी बसून तिचं डोकं आपल्या खांद्यावर दाबून धरलं. एका पायानं ॲक्सिलेटर दाबून इंजिन मोठ्यानं चालू ठेवलं. कुदळीचा आवाज तिला जाऊ नये म्हणून. हे मला मागाहून कळलं; त्या वेळी मला नुसता राग आला, की मी इथं चिखलात मरतेय आणि हा तिथं बसून गाडी गुरगुरवतोय.

मी खणलं. उताणी पडून, कुशीवर पडून, जीपच्या खाली अर्धी जाऊन. पंचमीची नवी साडी, ती कमरेला खोचली. तांबडी माती कुदळीला चिकटायची, ती हातानं ओढून काढायची. वर डिफरन्शियलचा तेलानं भरलेला गोळा गरम, त्याला एकदा कोपर भाजलं. मी खणत होते आणि आईला शिव्या देत होते, मोठ्यानं, इंजिनच्या आवाजात कुणाला ऐकू येणार? तिच्या सासूला दिल्या, त्या चराला दिल्या. आणि मधेच एकदा, हे मी खरं सांगते, मी माझ्या भावाचं नाव घेऊन म्हटलं, ह्याला काही करू नकोस. कुणाला म्हटलं ते माहीत नाही. मी ह्यातलं काही मानत नाही. तरी म्हटलं.

माती सुटली. ओढ्यातले दगड आणून चाकाखाली रचले. जीपच्या पाठीवर दोनदा थाप मारली. त्यानं हळूच जोर दिला, जीप एका चाकावर लंगडत, वाकडी होत, चढ चढून वर आली. मी चिखलानं माखलेली मागून चढले. ताडपत्रीच्या आत आई पडल्यासारखी होती. जागी होती की नाही मला कळलं नाही. शेडगेवाडी फाट्यावर एक ओळखीचा पिकअपवाला भेटला, त्याच्या गाडीत तिला घातलं आणि कराड गाठलं.

डॉक्टर म्हणाले उशीर झालाय, बघू. हृदयाचा बराच भाग गेला होता. तरी तिनं एक-दोन दिवस काढले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिला चांगलं समजायला लागलं. मी आणि भाऊ दोघंही कॉटजवळ. तिनं आधी भावाला जवळ बोलावलं आणि त्याचा चेहरा चाचपला, मग हात, मग बोटं, बाजारात कोंबडी घेताना चाचपावी तसं. तो हसला. ती नाही.

"जीप कशी निघाली?" तिनं विचारलं.

मी भावाकडं बघितलं. त्यानं क्षणसुद्धा घेतला नाही. "लॉकनं निघाली आई. ती आतली चाकं चिकटवलेली न्हाईत का मी, त्यानं."

"खणलं न्हाई?"

"न्हाई."

त्याच्यावर तिचा विश्वास नव्हता. लहानपणापासून तो गोड खोटं बोलायचा, आणि तिला ते माहीत होतं. तिनं मान वळवून माझ्याकडं बघितलं. मी आयुष्यभर तिच्या तोंडावर खरं बोलत आले, तिला नको असलेलंसुद्धा, विशेषतः नको असलेलं. तिला ठाऊक होतं की मला विचारलं तर खरं कळेल.

"व्हय गं?"

माझ्या नखांत अजून तांबडी माती होती. दोनदा धुऊनही जात नव्हती. मी हात पदराखाली घेतले.

"व्हय आई," मी म्हटलं. "लॉकनंच निघाली. मी बघितलं की."

तिनं बराच वेळ माझ्याकडं बघितलं. मग तिचे खांदे खाली आले. "चांगली हाय मग सटवी," ती म्हणाली, आणि भावाचा हात धरून झोपली. उजाडायच्या आत गेली. शेवटी तिच्या तोंडावर काळजी नव्हती, हे नर्सनंही म्हटलं. मला त्या खोट्याचं वाईट वाटलं नाही. अजूनही वाटत नाही. तिचं सगळं आयुष्य त्या एका चरानं खाल्लं होतं, दुसरा तिला दाखवायची माझी छाती नव्हती.

दिवसकार्याला वस्तीवरची आणि खालची माणसं जमली, आणि सगळ्यांच्या तोंडी एकच. पंचमीला माती न उकरता लॉकनं जीप काढली. पोरं जीपच्या खाली वाकून वाकून बघत होती. एक जण तर शिरवळला कंपनीत कामाला होता, तो म्हणाला, "दाजी, माझ्या गाडीला पण असंच मारून द्या." भाऊ मान हलवायचा. मी स्वयंपाकघरात दात-ओठ खात भांडी घासत होते. ॲक्सल कसा मोडला हे त्यांच्यापैकी एकानंही विचारलं नाही. मोडला नसता तर आम्ही किती लवकर पोचलो असतो, आणि पहिल्यांदाच दोन टोपली माती काढली असती तर मोडलाच नसता. पण हे कुणाला सांगायचं?

सगळे गेल्यावर एका दुपारी भावानं गोठ्यात मागची चाकं उतरवली. नवा ॲक्सल बसवायचा होता. मी शेजारी बसून त्याला पाने देत होते. त्यानं एक बोल्ट सैल केला. मग माझ्याकडं न बघता म्हणाला, "अक्का, त्या दिवशी तू खणलंस ते कुणापाशी बोलू नकोस."

"आता आई न्हाई. आता कुणाला काय फरक पडतोय?"

"तरी पण. माझ्या बायकोला तर अजिबात न्हाई."

"का रं पण?"

"उगंच."

पाना बोल्टवरून निसटला, त्यानं तो परत लावला. मी त्याच्या तोंडाकडं बघितलं आणि मला कळलं. त्याला भीती वाटत होती, आणि ती आईची नव्हती, त्याची स्वतःची होती. आईनं चर काढला नि मामा गेला, तसं मी त्या कुदळीनं त्याच्याच आयुष्यातलं काही उकरून काढलं असं त्याला वाटत होतं. माझ्यावर तो चिडला नव्हता. मला वाईट वाटू नये म्हणून ते लपवत होता, इतका वेळ, इतके दिवस, आणि नीट जमत नव्हतं त्याला. मला म्हणायचं होतं की येडा हायस का, काय हुतंय, सगळं खूळ हाय ते. तेच मी आईला आयुष्यभर म्हणत आले होते.

"बरं," मी म्हटलं. "न्हाई बोलत."